भज्याच्या कागदाचा भाव

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज एक माणूस भजे खाता खाता रडकुंडीला आला. मिरचीनं नाही — कागद बघून!

दुपारची वेळ. एमएच तीसची पांढरी गाडी, म्हणजे अकोला. पोट पुढं, चष्मा कपाळावर. गरम भजे मागितले. शिलानं नेहमीसारखे कागदात घालून दिले. चारेक खाल्ले असतील, तेवढ्यात कागदाचा तेलकट कोपरा उचलून पाहिला आणि उरलेले भजे बाकावर ओतले. कुत्र्याची दिवाळी झाली.

मला वाटलं झुरळ निघालं. झारा हातात घेऊनच गेले, भांडायच्या तयारीनं. तर हा म्हणतो, "माताजी, ये पन्ना कहाँ से आया? बाकीचं पुस्तक कुठं आहे?" म्हटलं, बाकीचं पुस्तक सकाळच्या नांदेड गाडीत गेलं, भज्यासंगट. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. चष्मा खाली पडला.

पुनमचंद नाव. अकोल्यात कापडाचं दुकान आहे. पण नाद कसला, तर लेकरांची जुनी चित्रांची पुस्तकं गोळा करायचा. कॉमिक म्हणे. मुंबईत त्यांचे लिलाव होतात म्हणे. साठीचा बाप्या, घरी नातवंडं असतील, आणि हा 'निळा बुरखा' गोळा करत हिंडतो! रुमालानं तेल टिपलं आणि ते पान दोन्ही हातांत धरून गाडीत बसला. मी म्हटलं, न्या, फुकट न्या, भज्याचे तीस रुपये तेवढे द्या. पाचशेची नोट देऊन गेला. सुटे घेतले नाहीत.

घरातल्या जुन्या पेटीत असले अंक अजून आहेत हे मी सांगितलं नाही. शिलानं सांगितलं. माझी सून कामाला वाघीण आहे, पण तोंडाला झाकण नाही.

१० नोव्हेंबर

पुनमचंदाचे तीन फोन. "एक भी पन्ना मत फाडिए, हात जोडतो तुमच्यापुढं." आज भजे वर्तमानपत्रात दिले. तेवढाच त्याचा जीव भांड्यात पडू द्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पेटी उघडून पाहिली. पत्र्याची, बाची.

साखऱ्याचं, माझ्या माहेरचं घर दोन वर्षांमागं वाटून झालं. प्रभूनं घर घेतलं, खालचं रान घेतलं, वरचं रान 'सांभाळायला' म्हणून घेतलं. प्रभू माझा थोरला भाऊ. नांदेडात नोकरी करून रिटायर झालेला, इस्त्रीच्या शर्टाचा. सगळं घेऊन झाल्यावर अंगणात उभा राहिला, काही राहिलं का म्हणून चारी बाजूंनी बघितलं, आणि ही पेटी पायानं माझ्याकडं सरकवली. "ही रद्दी तू ने, शिवू. भज्याला कामी येईन." शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे. आणि आली की कामी! दोन वर्षं झाली, वर्तमानपत्र संपलं की मी पेटीत हात घालते. अर्धी संपवली.

आता तेवीस अंक उरलेत. सगळे 'निळा बुरखा'. पन्नास वर्षांचे, वास कुबट, पिना गंजलेल्या. हा बुरखेवाला डोंगरात राहतो, घोड्यावर हिंडतो आणि "थांबा, नराधमांनो!" म्हणून ओरडतो. नराधम पण शहाणे — थांबतात. रांगेत उभे राहून मार खातात. घोडा आहे, पण त्याला चारा कोण घालतं, पाणी कुठं पाजतात, एका चित्रात नाही. लीद नाही. खूर कधी सुजत नाही. मेंढरामागं आठ दिवस चालला असता तर बुरखा आपोआप गळून पडला असता त्याचा.

वर हे सगळे कापीव. प्रत्येक अंकाचा वरचा कोपरा कातरून खराब केलेला, आरपार, सगळ्या पानांसकट. फाट्यावरचा पेपरवाला न खपलेले अंक असे कापून निम्म्या पैशात काढायचा. हे प्रभूच सांगायचा लहानपणी, नाक मुरडून. "बाला काई समजत न्हाई. कापीव माल घेऊन येतो." आणि आता त्या कापीव मालासाठी अकोल्याची गाडी धावत येते!

१५ नोव्हेंबर, शनिवार

शिलानं मोबाईलवर दाखवलं. अमेरिकेत असल्याच एका जुन्या पुस्तकाला कोटींनी बोली लागली. आकडा वाचता वाचता तिचा घाणा करपला.

पुस्तक म्हणजे काय, तर प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद, वर नंबर चिकटवलेला. दहापैकी एवढे मार्क. उघडायचं नाही, वाचायचं नाही. विकणाऱ्यानं वाचलं नाही, घेणारा वाचणार नाही. तो ते कपाटात ठेवणार आणि आपल्यापेक्षा मोठा येडा कधी भेटतो त्याची वाट बघणार.

लिलाव आम्हीही पाहिलेत. वसमतला, हिंगोलीला हळदीचा असतो. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, कांडी मोडून आतला रंग बघतो, वास घेतो, मग तोंड उघडतो. आणि ती हळद पुढं कुणाच्या तरी वरणात पडते. इथं उलटंच. हात लागला की भाव पडला. वाचलं की भाव पडला. जे पुस्तक कुणाच्याच कामी आलं नाही ते सगळ्यात महाग! ज्या कुणा लेकरानं ते उशाशी घेतलं, शंभरदा चाळलं, त्याचं मातेरं. असल्या लोकांच्या हातात पैसा जातो तरी कसा, मला कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

वारंगा फाट्याला बातमी कळली. शिलाची कृपा.

सकाळपासून भजे कमी, चौकशा जास्त. पंक्चरवाला ब्याण्णव सालचं पंचांग घेऊन आला. पानटपरीचा पेमा तांड्यावरून पोराचं चौथीचं गणिताचं पुस्तक काढून घेऊन आला. त्यातल्या सगळ्या माणसांना पेनानं मिशा काढलेल्या, बायांनासुद्धा. "मावशी, ह्याचं काई येईन का?" म्हटलं, मिशीचे वेगळे येतील. त्याला खरं वाटलं! संध्याकाळी परत आला, आणखी चार पुस्तकं घेऊन.

एक मास्तर तर लग्नपत्रिका घेऊन आले, स्वतःच्या लग्नाची. म्हणे, सोनेरी छपाई आहे. मी म्हटलं, मास्तर, बाईंना विचारलं का विकायच्या आधी? ज्यांनी जन्मात एक पुस्तक धड शेवटापर्यंत वाचलं नाही, ती सगळी मंडळी आज जुन्या कागदाची पारख करत माझ्या बाकावर बसलेली. चहा मात्र एकानंही घेतला नाही.

१९ नोव्हेंबर

प्रभूचा फोन. चौदा महिन्यांनी. "तब्येत कशी हाय शिवू?"

तब्येत! मी म्हटलं, पेटी बरी आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

दादासाहेब आले. सोबत आशाबाई वहिनी. पाव किलो पेढे आणले. भजे खाल्ले नाहीत, पित्त होतं म्हणे. बाक रुमालानं पुसून बसले आणि खिशातून स्टॅम्पपेपर काढला. टाइप करून आणलेला, माझ्या सहीची जागा रिकामी.

"सदर अंक वडील लिंबाजी यांनी माझे बंधू प्रभू यांच्याकरिता खरेदी केले होते. त्यांवर माझा कोणताही हक्क नाही."

"तुला बी म्हाइत हाय शिवू," प्रभू म्हणाला, "बानं माझ्यासाठीच आणले व्हते. मी हॉस्टेलातून सुट्टीला आलो की वाचायचो. तू तर मेंढराकडं व्हती."

"व्हय. तुझ्यासाठीच आणले. मी कुठं न्हाई म्हणते?"

"मग पेटी तुझ्याकडं काहून?"

"तूच पायानं लोटली व्हती. विसरला का?"

वहिनी लगेच मधे. "जुनं कशाला काढून राहिल्या वन्सं? घरातलं घरात मिटवा."

जुनं काढायचंच तर इथं काढते. वहीला पित्त होत नाही.

आमच्यात लेकरू जन्मलं की त्याच्या नावानं एक कोकरी सोडायची. तिच्या कानाला त्या लेकराची खूण. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळ्यांना तीच खूण आणि सगळी त्याच लेकराची. बा स्वतःच्या हातानं खूण करायचा, छोट्या कातरीनं, मग हळद दाबायचा. प्रभूची खूण म्हणजे कानाचा शेंडा सरळ उडवलेला. माझी, शेंड्याखाली दोन खाचा. शंभर मेंढरांत माझी मेंढी मला लांबून कळायची.

चौथीत मी शाळेत पहिली आले. त्याच उन्हाळ्यात माझी शाळा सुटली, मेंढरामागं माणूस कमी पडत होतं म्हणून. प्रभू हिंगोलीला हॉस्टेलात. पुढं त्याची नांदेडच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हा बानं मेंढ्या विकल्या. एकवीस. कुठल्या? दोन खाचांच्या! माझ्या, सगळ्या. शेंडा उडवलेल्या एकीलाही हात लावला नाही. मला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. संध्याकाळी मी मेंढरं मोजली तेव्हा मला कळलं. त्यानंतर बाशी माझं बोलणं भाकरीपुरतं राहिलं, तो मरेपर्यंत. मेला तेव्हा मी रडले नाही, ते लोकांनी पाहिलं आणि वर्षभर चघळलं.

आणि ज्याच्यासाठी त्या विकल्या, तो आज स्टॅम्पपेपर घेऊन बाक पुसून बसलेला.

सही केली. दोनदा वाचून केली, कारण मला वाचता येतं हे वहिनी दर खेपेला विसरतात. 'माझे बंधू प्रभू यांच्याकरिता.' बराबर लिहिलंय. त्या माणसानं आयुष्यात दुसऱ्या कुणाकरिता काय आणलं होतं!

२४ नोव्हेंबर, सोमवार

शिला रुसली. सकाळपासून पिठावर राग काढून राहिली. "आत्याबाई, निम्मे तरी मागायचे व्हते. सही काहून केली?"

ज्याचा मला तिटकारा, त्यातला निम्मा वाटा मागू? मग मी कोण, पेमा?

एक गोष्ट मात्र शिलालाही सांगितली नाही. कुणालाच नाही. खताच्या दुकानाच्या या फुकटच्या डायरीत लिहायला हरकत नाही, ही कोण वाचतंय.

ते अंक मी वाचलेत. एकूण एक. चोरून.

दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन कळमनुरीकडं उतरायचो. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या रानाला खत, आम्हाला ज्वारी. हा वारंगा फाटा वाटेवरच. बा मीठ-मिरची आणायला फाट्यावर यायचा, जाताना एक अंक घेऊन जायचा. प्रभूला सुट्टी लागायला दोन-दोन महिने, तोवर अंक घोड्यावरच्या ओझ्यात. आणि बा इतका बावळट, की लाडक्या लेकाचं पुस्तक ठेवायचा कुठं, तर पिठाच्या पिशवीखाली! भाकरी करणार मी. पिशवी काढणार मी. बा मेंढरं घेऊन पुढं गेला की मी एका दमात वाचून काढायची आणि होतं तसं ठेवून द्यायची. चूल विझायची, तव्यावरची भाकरी जळायची. कधी सापडले नाही. एकदाही! जळक्या भाकरीबद्दलसुद्धा बा काही बोलला नाही, मुकाट्यानं खाल्ली. त्याचं लक्ष कुठं असायचं देव जाणे.

शाळा सुटली तरी माझं अक्षर सुटलं नाही, ते या चोरीच्या बळावर. बापानं काही दिलं नाही, मीच काढून घेतलं. याचा मला अजून माज आहे.

बाला स्वतःला अक्षर येत नव्हतं. त्याला ते फक्त फाट्यावर लागायचं. "शिवू, ती पाटी वाच. अन् ती? अन् त्या यष्टीवरची?" आम्हाला जायचंही नसायचं अशा गावांच्या पाट्या वाचायला लावायचा. मी वाचायची आणि मनात म्हणायची, जा हिंगोलीला, विचार तुझ्या लेकाला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुनमचंद पांढरे हातमोजे घालून आला! त्या दिवशी ज्या हातानं भजे खाल्ले तेच हात. प्रभू आणि वहिनी सकाळी आठलाच हजर, लग्नाला आल्यासारखे कपडे. माझ्या बाकावर धुतलेली चादर अंथरली, तिच्यावर एकेक अंक. तिकडं गिऱ्हाईक उभं राहून चहा पिऊन राहिलं, कारण बाकावर बुरखेवाला बसलाय.

सतरावा की अठरावा उचलला आणि पुनमचंदानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. अंक पहिला. "इसका तो नाम ही सुना था," म्हणाला, "पूरे देश में चार-पाच होंगे." वहिनींनी विचारलं, किती? धड असता तर सहा-सात लाख. बोली चढली तर आणखी. वहिनींचा हात गळ्याकडं गेला. प्रभू एकदम ताठ बसला, जणू ते सगळं त्यानंच काढलं, रंगवलं, छापलं.

मग पुनमचंदानं कोपऱ्यावरून बोट फिरवलं. कपाळावर आठी. "ये कट किसने मारा?"

"पेपरवाल्यानं," प्रभू म्हणाला. "तवा असंच भेटायचं."

"पेपरवाला तो ऊपर का नाम काटता है. नावाची पट्टी. असा नाही कापत." पण मग म्हणाला, मुंबईत तपासणारा माणूस आहे, तो बघून काय ते सांगेल. पावती लिहिली, प्रभूच्या नावानं. तेवीस अंक तेवीस पिशव्यांत घालून, पिशव्या खोक्यात, खोकं गाडीत मागच्या सीटवर, वरून सीटबेल्ट! माझ्या लेकाला ट्रकवर जाताना कधी कुणी बेल्ट लावून दिला नसेल.

पेटी रिकामी राहिली. प्रभू ती पण घेऊन गेला. "बाची आठवण हाय," म्हणाला.

७ डिसेंबर, रविवार

प्रभूनं नातेवाइकांच्या ग्रुपवर बाचा फोटो टाकला. फेट्यातला. वर लिहिलं, 'वडिलांची दूरदृष्टी'. खाली चाळीस जणांनी हात जोडले. ज्यांनी बाला जिवंतपणी पाण्याचा तांब्या दिला नाही ते 'थोर आत्मा' लिहून राहिले. दूरदृष्टी! ज्या माणसाला बसची पाटी वाचता येत नव्हती, त्यानं म्हणे पन्नास वर्षांआधी मुंबईचा लिलाव ओळखला आणि लेकाच्या भविष्याची सोय करून ठेवली.

वहिनींचा फोन. पहिल्यांदाच त्यांनी आपणहून केला. घरावर दुसरा मजला काढायचा आहे, टाइल्स कुठल्या घ्याव्या. मला विचारतात! मी म्हटलं, निळ्या.

११ डिसेंबर

कडाक्याची थंडी. सव्वाशे प्लेट भजे गेले. शहाणी माणसं पैशाचं असं करतात.

१७ डिसेंबर, बुधवार

शून्य!

दुपारी पुनमचंदाचा फोन. आवाज पडलेला. मुंबईवाले बोलीला ठेवतच नाहीत. पहिल्या अंकासकट सगळे परत. कापलेला कोपरा! आणि तो पेपरवाल्याचा नाही. तपासणाऱ्यानं भिंगाखाली बघून लिहून दिलंय, की हे नंतर हातानं कापलेलं आहे, लहानशा धारदार कातरीनं, प्रत्येक अंकाला त्याच जागी, त्याच मापानं. चुकून फाटलेलं नाही, उंदरानं कुरतडलेलं नाही. "मालक ने खुद काटा है, माताजी. जानबूझकर. कौन पागल ऐसा करता है?"

मालक कोण ते तर स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं आहे! मी एवढ्यानं हसले की शिला पिठाच्या हातानं बाहेर पळत आली. लहानपणी काहीतरी खोडी करून ठेवली असेल पठ्ठ्यानं, आणि नाव घेतलं पेपरवाल्याचं. सात लाखाचा कोपरा! स्वतःच्या हातानं! किती वर्षांनी असं हसले. पोटात कळ आली.

दोन गिऱ्हाइकांना फुकट चहा पाजला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

प्रभू आला. एकटाच, इस्त्री नाही. गाडीतून पेटी काढली आणि माझ्या चुलीपुढं आदळली.

"तूच कापले," म्हणाला. "मी हॉस्टेलात व्हतो, बा मेंढरामागं. पेटीपाशी कोण व्हतं? तूच! माझं शिकणं तुला बघवलं न्हाई. जळून कापले तू."

गिऱ्हाईक बघून राहिलं. मी म्हटलं, "दादा, तुझ्या कॉलेजात माझ्या एकवीस मेंढ्या गेल्या. मला कापायचंच असतं तर तुझी पुस्तकं कापली असती का, की तुझी फी?"

"मी न्हाई कापले. आईशप्पथ न्हाई कापले. माझ्या हातात यायच्या आधीच कापलेले असायचे."

"मग काय बुरखेवाल्यानं कापले?"

प्रभू तसाच वळला. गाडीत बसला, काच खाली केली. "घे. बांध त्याच्यात भजे." गेला. म्हातारा दिसला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं.

घरात वर्तमानपत्राचं एक पानही उरलेलं नाही. परवापासून पेटीच उघडते. एका आठवड्यात तेवीसच्या तेवीस संपवते, सात लाखाच्यासकट. पहिला अंक पेमाला देईन, मिरची भज्यासाठी.

२१ डिसेंबर, रविवार

पेटीत सगळ्यात वर मुंबईचा कागद होता. इंग्रजी, मला येत नाही. पण खाली तपासणाऱ्यानं कापलेल्या कोपऱ्याचं चित्र काढलंय, मोठं करून, नुसती रेघ. शिला घाणा काढता काढता वाकली आणि म्हणाली, "आत्याबाई, ह्यांनी मेंढीचा कान काहून काढला?"

शेंड्याखाली दोन खाचा.

तेवीसच्या तेवीस काढून पाहिले. सगळे माझ्या खुणेचे, बाच्या कातरीचे. आणि मी चोरून वाचलं म्हणून पन्नास वर्षं माज करत होते.

अर्धी पेटी मी भज्यात वाटून टाकली.